कामाचे कान

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, उजव्या कानामागे जाड निळी पेन्सिल असायची, डाव्या कानामागे विडी, आणि सासूबाईंची पूजा आटोपली की विडीच्या सोबतीला जास्वंदाचं फूलही जाऊन बसायचं. एवढं मावायचं, कारण त्यांचे कान डोक्याला धरून नव्हतेच. खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी टाकावीत तसे ते बाहेर उभे असत. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्यांवर खुणा करायची ती पेन्सिल दुसऱ्या कोणाच्या कानावर टिकत नसे. हमालांनी करून पाहिलं, माझ्या यजमानांनी करून पाहिलं. पेन्सिल खाली.

बाजारात माणसं पाठीमागे त्यांना 'सुपकान्या' म्हणत. मामाजी वळून म्हणायचे, "हळू बोलून काय फायदा रे? मले तं नदीपलीकडच्या सावरगावचंही ऐकू येते." मग बोलणाराच लाजून चहा मागवायचा.

आता माझं सांगते. माझेही कान तसेच, आणि मला त्यांची भयंकर लाज. माझ्या माहेरी लोधीखेड्याला हे लोक मला बघायला येणार होते तेव्हा आईने केस कानांवरून ओढून वेणी घातली. पण मी जास्तीची शहाणी. आईचा डोळा चुकवून मी कानांमागे बाभळीचा डिंक चोपडला आणि वाळेपर्यंत दोन्ही हातांनी कान दाबून बसले. दिवस वैशाखाचे. पोह्यांची ताटली मामाजींपुढे धरली, घामाने डिंक सुटला, आणि उजवा कान केसांतून टप्पकन बाहेर आला. आईने डोळेच मिटले. मामाजींनी एक घास खाल्ला, शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता दुसराही सोड वं बाई. आमच्या घरात मी एकटाच पडलो होतो."

लग्न ठरलं.

सासरी माझ्या कानांनी मला भलताच मान मिळवून दिला. त्या काळी सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर लागायचा. जावेचा सारखा घसरायचा, तिला पिना लावाव्या लागत. माझा मात्र दोन्ही कानांवर असा अडकायचा की विहिरीवर वाकले तरी हलत नसे. शेजारणी सासूबाईंना म्हणायच्या, "तुमची धाकली सून मोठी वळणाची आहे हो!" मीही मान खाली घालून वळणाची असल्याचा आव आणायची. खरं काय ते मामाजींना ठाऊक. ते नुसते आपल्या पेन्सिलीला हात लावून मिशीत हसायचे.

मग मला शाळेत नोकरी लागली. शाळेत कुठला पदर? फळ्याकडे वळले की पाठीमागे खसखस सुरू. एकदा झटकन वळून पाहिलं, तर अख्खी चौथी कानांना हात लावून पंख हलवत होती. मी घरी येऊन रडले, नोकरी सोडते म्हणाले. नोकरी तर मला जिवापाड हवी होती. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, नागपूरला ऑपरेशन करून कान मागे बसवून देतात.

सासूबाई कडाडल्या, "देवानं देलेलं कापाले निघाली काय?" मला वाटलं, मामाजींना तर फारच लागेल. त्यांचेच कान मी नको म्हणत होते जणू. त्यांनी विडी कानावरून काढली, परत ठेवली. "कान तिचे हायेत नं? मंग ठरवू द्या तिले. मी फक्त टिकट काढतो."

आणि खरंच काढलं. सोबतही आले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि खुर्ची मामाजींकडे सरकवली, "या बाबा, बसा." मामाजी दोन पावलं मागे सरले. "माझे नाही साहेब! माझे कामाचे हायेत."

परतताना माझ्या डोक्याला ही एवढी पट्टी. पोळा नुकताच झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ती आमची गोटमार. गाडीत एका बाईने विचारलं, "गोटमारीत लागलं काय वं?" मी तोंड उघडायच्या आत मामाजी गंभीरपणे म्हणाले, "काय सांगू माय! ऐकतच नाही. पार मधात घुसली होती."

आमच्या आधी ती बातमी घरी पोचली होती. पुढे शाळेत पट्टी बांधून गेले तर चौथीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एका पोरीने भीत भीत विचारलं, "बाई, तुमी कितीक गोटे मारले?" मी नुसती खडू उचलून फळ्याकडे वळले. पाठीमागे चिटपाखरू हललं नाही. पट्टी सुटल्यावर माझ्या कानांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ऑपरेशनने जे व्हायचं ते मामाजींच्या थापेने आधीच उरकलं होतं.

ऑपरेशनने एकच झालं. पदर घसरू लागला. सासूबाई म्हणाल्या, "नोकरीनं बिघडली." मामाजींनी बाजारातून येताना पिनांचा पुडा आणला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घे. आता मी परत एकटा."

हसतच म्हणाले होते. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मामाजी गेले त्या दिवशी त्यांच्या कानावरची पेन्सिल मी काढून घेतली आणि गुपचूप माझ्या कानावर ठेवून पाहिली. टिकली नाही.

ती टिकली पुढे माझ्या नातीच्या कानावर. चार वर्षांची असताना तिने ती कपाटातून काढली, कानामागे खोचली आणि अंगणभर नाचली. घरात वाद झाला, कान मामाजींचे की माझे. माझे तर नागपूरला राहिले, म्हणून मी मामाजींच्या नावावर टाकले.

यंदा नात नोकरीला लागली आणि म्हणाली, "आजी, मलाही कानांचं ऑपरेशन करून घ्यायचंय. तू चिडशील?" तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण तोंडातून निघालं ते मामाजींचंच, "कान तुझे हायेत. मी फक्त टिकट काढते."

पट्टी सुटली त्या दिवशी तिने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. खूश होती. मग कपाटातून ती जाड पेन्सिल आणली आणि कानावर ठेवली. पेन्सिल खाली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो की माझी कवळी हलली. हसता हसता तिचे डोळे भरले. "आता घरात कोणाच्याच कानावर राहणार नाही गं आजी."

"ठेवून दे कपाटात," मी म्हटलं. "तुझं लग्न व्हायचंय अजून. येतील ते कान परत. मामाजी काही जास्त दिवस एकटे राहणारे नाहीत."