बिननवसाच्या फेऱ्या

“नींद आती है?” डॉक्टरांनी विचारलं.

“येते की,” माझे यजमान म्हणाले.

मी पडद्याआड होते. बीडच्या दवाखान्यात गोशातल्या बायकांसाठी दोरीवर चादर टांगत. तिच्याखालून मी हात बाहेर काढला होता आणि डॉक्टर नाडी बघत होते. माझ्या झोपेचा प्रश्न रात्रभर घोरणाऱ्या माणसाला विचारला जात होता आणि तो उत्तर देत होता. भूक? लागते. रडतात का? बायका रडतातच.

सासरे बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर मराठीत बोलले असते तर सून उलटून बोलली, असं झालं असतं. म्हणून मी इंग्रजीत बोलले. कित्येक आठवडे मला धड झोप नाही, एवढंच. माझे वडील हैदराबादेत नोकरीला, त्यामुळे मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात मात्र मी क्वचितच तोंड उघडलं असेल.

डॉक्टरांची बोटं नाडीवर थबकली. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी मला विचारले.

“मेलँकोलिया,” ते शेवटी म्हणाले. हा मनाचा आजार. झोप जाते, अन्नाची चव जाते, कशातच जीव रमत नाही. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही, हे त्यांनी यजमानांना दोनदा बजावलं. गोळ्यांपेक्षा सवयींचा उपयोग होईल, असंही म्हणाले. ठरल्या वेळी उठायचं. सकाळच्या उन्हात दमेपर्यंत चालायचं. हाताला काम ठेवायचं. रोज एका तरी माणसाशी मनातलं बोलायचं.

हे सगळं मी लग्नापर्यंत रोज करत होते. आजार कुठून आला ते मला तिथेच कळलं.

माझं सासर चौसाळ्याचं, देशमुखाचं. पाणी गडी भरत, बाजार गडी करत. आम्ही बायका देवाला निघालो तरी पडदा लावलेल्या छकड्यातून. मी आजारी पडले तेव्हा तर मायेपोटी उरलंसुरलंही काढून घेतलं. हातातली सुई घेतली, निवडायची डाळ घेतली. पुस्तकांनी डोकं फिरलं म्हणून ती माळ्यावर गेली. मला अंधाऱ्या खोलीत निजवलं, वरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. “आराम कर,” जो तो म्हणे. पडून पडून मी आणखी बुडत गेले, आणि सगळे म्हणू लागले, एवढं करूनही हिला गुण नाही.

दवाखान्यातून परतल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. डाळ परत मिळाली, पुस्तकं खाली आली. चालण्याचं नाव काढलं मात्र...

“देशमुखाची सून उन्हात हिंडायलीय म्हणल्यावर लोक काय म्हणतील? कशापायी चालायचं? घरात जागा न्हाई व्हय?”

मग मला ऐकू जाईल अशा बेताने त्या लेकाला म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत बघू. न्हाई सुधारली तर माहेरी धाडू. तुला दुसरी करावीच लागंल.”

यजमान काही बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी डाळ निवडताना थोरल्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, “तब्येतीसाठी म्हणलीस तर उंबरा वलांडू द्यायच्या न्हाईत. पोरासाठी म्हण.”

“म्हणजे?”

“पिंपळाला फेऱ्या. लेक व्हावा म्हणून नवस. सोताच हाताला धरून न्हेतील, बघ.”

तसंच झालं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी छकडा सांगितला. मी झोपेवाचून झिजत होते तेव्हा कुणाला बैल जुंपावेसे वाटले नव्हते. न जन्मलेल्या मुलासाठी ते पहाटेच जुंपून तयार.

महादेवाच्या आवारात पिंपळ होता. आत्याबाई पारावर माळ घेऊन फेऱ्या मोजत, मी चालत असे. जाऊबाई सोबत असत, त्यामुळे बोलणंही होई. सुरुवातीला पाय कापत. कित्येकदा मी रडत चालले. मग एका दुपारी भाकरीबरोबरचा ठेचा तिखट लागला. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं होतं, म्हणून मी आणखी थोडा वाढून घेतला. झोप तुकड्यातुकड्याने परतली. मधे वाईट दिवसही आले. पण चालणं मोडलं नाही.

तुमच्या घरी कुणी अशी पडून असेल तर तिला आराम देण्याआधी तिचं काय काय काढून घेतलंय ते बघा. आणि झोप येते का, हे तिलाच विचारा.

दिवाळी झाली. एका सकाळी पिंपळापाशी एका वाण्याच्या घरच्या बाईंनी विचारलं, “लई दिस झाले की, सूनबाई. नवस फळला का?”

जाऊबाईंनी मला चिमटा काढला. खोटं तयारच होतं. पण माझं बरं होणंही कुणा मुलाच्या नावावर जमा व्हावं, हे मला सोसेना.

“नवस नव्हता,” मी म्हणाले. “झोप येत नव्हती म्हणून चालते. आता येते.”

आत्याबाईंची माळ थांबली. छकडा आता कायमचा बंद, असं मला वाटलं.

“तुमच्या बोलण्यात माझं मोजणं चुकलं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यापासून चाल.”

मी चालू लागले. दुसरीची गोष्ट घरात परत निघाली नाही. उपकार मानायचे तर आत्याबाईंच्या त्या वाक्याचे मानते. बाकीचं लग्नाआधीपासून माझं होतंच.