पोपटाची भावकी

रंगनाथ ढोबळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून घासाघीस करत होतो. त्यांच्या शेजाऱ्याने एवढंच सांगितलं, "सर गेले." मी म्हणालो, "पुन्हा? अन् तिकीट कधी काढलं?" कारण सरांचं जाणं म्हणजे मुलीकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला जाणं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग त्या बिचाऱ्याने नीट सांगितलं तेव्हा मला कळलं. सकाळी फिरून आले, अंगणात खुर्ची टाकून बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. त्याला आता काही आठवडे उलटले. माझा तो प्रश्न सरांच्या कानावर पडला असता तर त्यांनीच तो तिखटमीठ लावून गावभर केला असता, याबद्दल मला जराही शंका नाही.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. टेबलाला टेबल लागून, त्यामुळे भांडणाला उठून जावं लागत नसे. आमचं सगळ्यात जुनं भांडण एका शब्दावरून होतं. एकच पक्षी वेगवेगळ्या मुलखात थोडा वेगळा दिसायला लागला, की शास्त्रज्ञ त्याच्या दोन शब्दांच्या शास्त्रीय नावाला तिसरं नाव जोडतात. त्या पायरीला इंग्रजीत सबस्पीशीज म्हणतात आणि मराठी पुस्तकात उपजाती. सरांना तो शब्द डोळ्यासमोर नको असे. "वर्गात 'जात' म्हटलं की अर्धी पोरं खाली बघत्यात अन् अर्धी एकमेकाकडं. पोपट राह्यला बाजूला! तुम्ही मराठीवाले कशाचा पगार घेता? दुसरा शब्द द्या." सर चांगलं पुस्तकी मराठी बोलू शकत होते, पण माझ्याशी मुद्दाम गावाकडचं बोलायचे. मला चिडवायला. मी 'पोटभेद' असा शब्द सुचवला. त्यावर म्हणाले, "हे तर मेडिकलात जाऊन मागावं असं वाटून राह्यलं."

मग एके दिवशी खडू लागलेल्या हातानेच वर्गातून आले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "भावकी! सापडला शब्द. आडनाव एक, मूळ एक, पण रान येगळं, अन् रानागणिक रंग येगळा." मी लगेच शिंगं रोखली. म्हटलं, भावकीत सोयरीक होत नाही. तुमच्या या उपजातींत तर होते, तुम्हीच शिकवता. शब्द नापास. सर डोळे मिचकावून म्हणाले, "पोपटाला कूळ-गोत्र कोण विचारायलंय?" आणि पुढच्या तासापासून त्यांनी तोच शब्द वर्गात वापरायला सुरुवात केली. परीक्षेत एका पोराने 'भावकी म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा' याचं उत्तर स्वतःच्या चुलत्याच्या बांधापासून सुरू केलं, तेव्हा तो पेपर घेऊन सर माझ्याकडे आले आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पण त्या शब्दाशी त्यांचं आणखी एक नातं होतं, आणि तिथे मात्र ते हसत नसत. सरांचं गाव मंठ्याकडचं. तिथे ढोबळ्यांची दोन घराणी, वरच्या आळीतली आणि खालच्या आळीतली. सर खालचे. दोन्ही घरं एकमेकांच्या दारात पाण्याचा थेंब घेत नसत. कारण काय, तर सरांच्या लग्नाची पत्रिका! भावकीत सगळ्यात वडीलधारे म्हणजे वरच्या घरातले सरांचे थोरले चुलते. त्यांचं नाव पत्रिकेत सगळ्यात वर यायला हवं होतं, ते छापून आलं सरांच्या वडिलांच्या खाली. खालचे म्हणाले, छापणाऱ्याची चूक. वरचे म्हणाले, तुमचीच करणी. तेव्हापासून येणंजाणं बंद. "मी माप ओलांडून आत आल्ते अन् भावकी बाहेर गेल्ती," असं वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हसून सांगायच्या. सुतक मात्र दोन्ही घरं इमानाने पाळायची. सर म्हणायचे, "सुतक एक हाय, म्हणजे मूळ एक हाय. फकस्त ताट येगळं झालंय. मी जायच्या आत दादारावानं माझ्या दारात दोन घास खाल्ले पायजेत." दादाराव म्हणजे वरच्या घरातले त्यांचे थोरले चुलतभाऊ. लहानपणी दोघं एकाच म्हशीवर बसून नदीवर जायचे. पत्रिकेच्या भानगडीनंतर रस्त्यात दिसले तरी दादाराव धोतराचा सोगा सावरत दुसरीकडे बघायचे.

निवृत्तीनंतर सर पर्थला गेले. माधुरीकडे, म्हणजे मुलीकडे. तिथे मॉल, समुद्र, पूल, सगळं पाहून झाल्यावर त्यांना खरी चीज दिसली ती तिच्या परसातल्या कुंपणावर. एक हिरवागार पोपट, काळं डोकं, मानेवर पिवळा पट्टा आणि चोचीच्या वर लाल टिळा. तो ओरडायचा तीन तुकड्यांत, आणि तिथले लोक त्याला त्या ओरडण्यावरून 'ट्वेंटी-एट', म्हणजे चक्क अठ्ठावीस म्हणतात. सरांनी मला फोटो पाठवायचा सपाटा लावला. त्याचं शास्त्रीय नाव त्यांनी मला फोनवर हजेरी घेतल्यासारखं पाठ करायला लावलं: बार्नार्डियस झोनेरियस सेमिटॉर्क्वेटस. "आडनाव आधी, मंग नाव, मंग भावकी. सेमिटॉर्क्वेटस म्हणजे अर्धा गळपट्टा." त्याची हाक त्यांनी मोबाइलमध्ये रेकॉर्ड केली आणि परत आल्यावर तीच रिंगटोन करून टाकली. भर बाजारात त्यांचा फोन वाजला की भाजीवाल्या वर झाडाकडे बघायच्या. मला त्यात काही केल्या अठ्ठावीस ऐकू येईना. वहिनी मात्र पहिल्यांदा ऐकताच म्हणाल्या, "अठ्ठावीस कशाचं? ते तर 'जेवून घे' म्हणून राह्यलंय." आणि खरंच, एकदा ते ऐकलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

त्या पोपटाच्या घराण्याची कुंडली सरांनी मला चहाच्या तीन-चार बैठकांत समजावली. पूर्वी म्हणे पूर्वेकडचे हिरव्या डोक्याचे आणि पश्चिमेकडचे काळ्या डोक्याचे, अशा दोन अलग जाती धरायचे. पण जिथे दोघांची रानं भेटतात तिथे ते बिनदिक्कत जोड्या जमवतात आणि मधल्याच रंगाची पिल्लं होतात. मग बऱ्याच जाणत्यांनी ठरवलं, की ही एकच जात, चार भावक्यांची. अजूनही सगळ्यांचं एकमत नाही. "मग एक केल्यावर नाव कुणाचं ठेवलं?" मी विचारलं. माझी हौस शब्दांपुरतीच. सर म्हणाले, "नियम हाय ना. जे नाव आधी छापून आलं ते जातीचं नाव. नंतरचं जे हाय ते त्याच्या मागं, तिसऱ्या जागेवर. न्हाईसं होत न्हाई, फकस्त मागं जातं." असं म्हणाले आणि कप हातात धरून बसूनच राहिले. चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नाही. मग हळूच म्हणाले, "मराठीवाले, एक व्हायचं म्हणलं की कुणाला तरी मागं सरकावं लागतंय. बराबर ना?"

पुढे त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला. पाहतो तर निमंत्रकांत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत दादाराव ढोबळे. मग दादारावांची मुलं. आणि पार तळाशी, मंडपवाल्याच्या नावाला जवळजवळ टेकून, नवऱ्या मुलाचा बाप रंगनाथ. मी म्हटलं, "सर, लोक विचारतील लग्न कुणाच्या घरचं आहे." म्हणाले, "विचारू द्या. तुम्ही फकस्त ऱ्हस्व-दीर्घ बघा." पत्रिका घेऊन ते स्वतः वरच्या आळीत गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून दिली, पाणी कुणी विचारलं नाही, परत आले. मी तर आशा सोडली होती. पण लग्नाच्या दिवशी दादाराव आले! पांढराशुभ्र फेटा, हातात आहेराचं पाकीट. अक्षता टाकल्या, नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला... आणि पंगती बसायच्या आत सरळ जीपकडे चालायला लागले. सर मागे धावले, पण जीप गेली होती. संध्याकाळी मांडव उतरताना माझ्याजवळ येऊन बसले, म्हणाले, "सेमिटॉर्क्वेटस झालं बघा. अर्धाच पट्टा." हसत होते, पण मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तो उरलेला अर्धा पट्टा बघायला सर थांबले नाहीत, याचं मला वाईट वाटतं. सरळच सांगतो, फार वाईट वाटतं. पण तेरवीला काय झालं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. वरचे ढोबळे सगळे आले होते. सुतक पाळलेलं होतं, रिवाजाप्रमाणे दादाराव विधीला सगळ्यात पुढे बसले होते. पानं मांडली तसे ते उठले, चपला शोधू लागले. माधुरी पर्थहून आली होती, ती आडवी आली. "मोठे काका, जेवून जा ना." दादाराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई माय, जाऊ दे, उशीर होऊन राह्यलाय." सगळे वाढपी बादल्या धरून उभे. आणि तेवढ्यात वहिनींच्या कमरेला खोचलेला सरांचा फोन वाजला.

जेवून घे... जेवून घे... जेवून घे...

फोन मंडपवाल्याचा होता, खुर्च्या कधी न्यायला येऊ म्हणून विचारत होता हे नंतर कळलं. पण तो कुणी उचललाच नाही. वहिनींनी तो नुसता हातात धरला आणि वाजू दिला. म्हणाल्या, "दादा, ऐका. ते काय म्हणून राह्यलेत ते ऐका जरा." दादारावांच्या एका पायात चप्पल होती. ती त्यांनी काढली. परत आले, पहिल्या पानावर बसले आणि भाताचा घास उचलला. मग सगळी वरची आळी बसली. मी वाढायला लागलो, कारण नुसतं उभं राहणं मला जमेना.

दुसरा भात घेताना दादारावांनी नाक पुसत विचारलं, "माधुरी, ते कोणतं पाखरू हाय गं माय?" तिला कोणतं नाव सांगावं ते सुचेना. तिने माझ्याकडे बघितलं, मी वरणाच्या बादलीकडे. उत्तर मागून वहिनींनीच दिलं, "आपल्या भावकीतलंच हाय. तुम्ही जेवा."

वहिनींनी ती रिंगटोन अजून बदललेली नाही. दुपारची जेवणं आटोपली की मी कधीतरी सरांच्या नंबरवर फोन लावतो. मला इकडे साधी घंटाच ऐकू येते. पण तिकडे पाखरू ओरडत असणार, म्हणून मी थोडा वेळ वाजू देतो, मग वहिनी उचलतात आणि हसून म्हणतात, "जेवलो हो भाऊजी." परवा म्हणाल्या, "आज दादाबी हायेत. पंगतीलाच बसलेत." मी म्हटलं, बरं झालं. आणि सर, तुमचा शब्द पास.