अबोलीचा चहा

कोडमधला कचरा एका कमांडने पुसता येतो. किस्से मात्र दर रिलीजला वाढतच जातात. आमच्याकडे पाच वर्षांचे साठलेत. आम्ही म्हणजे तिघं: मी नांदेडचा, अनघा साताऱ्याची आणि मनप्रीत इथलाच, मोहालीचा. चंदीगडला कॉलेजात असताना आम्ही लिनक्स डेस्कटॉपसाठी एक थीम बनवली, अबोली. खिडक्या, बटणं, मेन्यू, सगळ्यांचं रूप ती ठरवते. फुकट, कुणीही घ्यावी. आता तिघंही नोकरी करतो, पण अबोली सोडलेली नाही.

नियम एकच. थीम आम्ही सॅस नावाच्या भाषेत लिहितो. तिथे एक ओळ बदलली, की त्यातून तयार होणाऱ्या सीएसएस फाईलमध्ये ती सगळीकडे बदलते. त्या तयार फाईलला थेट हात लावायचा नाही, कारण पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे ती फाईल नव्याने तयार होताना, तो बदल पुसला जातो. जो लावेल, त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चहा नियम बनवणाऱ्यानेच केला. म्हणजे मी!

*

एकदा मनप्रीतने चाचणीसाठी मुख्य रंगाच्या ओळीत पोपटी टाकला आणि तसाच रिलीज केला. एक ओळ, आणि अख्खी अबोली पोपटी! दोन तक्रारी आल्या. गड्याने बिनधास्त उत्तर दिलं, "बैसाखी स्पेशल है जी!"

पुढच्या वर्षी त्या तक्रारवाल्यांपैकीच एकाने विचारलं, "यंदा पोपटी कधी?"

*

बटणाचा कोपरा किती गोल असावा यावर अनघा आणि मनप्रीत तीन दिवस भांडले. फरक एका पिक्सेलचा. शेवटी सेक्टर चौतीसच्या टपरीवर शेजारच्या कोचिंगवाल्या पोराला दोन्ही दाखवले.

तो म्हणाला, "दोनों एक ही तो हैं."

दोघं एका सुरात ओरडले, "अंधा है क्या?"

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

*

आईने एकदा फोनवर विचारलं, "ते तू करतोस ते वापरतं कोण रे?" मी तावातावाने मुक्त सॉफ्टवेअर, लोकांचा हक्क, असं भाषण ठोकलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते कळलं. पण वापरतं कोण?"

या हिवाळ्यात डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली आणि अर्धी अबोली मोडली. मनप्रीत म्हणाला, "यार, बंद करते हैं. किसके लिए कर रहे हैं?" अनघाने लॅपटॉप मिटला. मी जाम चिडलो, पण प्रश्न आईचाच होता.

*

त्याच आठवड्यात मेल आला, चक्क मराठीत: "नव्या अपडेटने माझी दुरुस्ती पुन्हा पुसली गेली. काही करता येईल का?" पाठवणारे जाधव काका, मूळचे कोल्हापूरचे, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. तिघंही गेलो. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आमची अबोली!

"चालू बटण आणि बंद बटण मला सारखंच दिसतं हो," काका म्हणाले. "रंगांच्या बाबतीत माझे डोळे कच्चे. मग मुलीकडून शिकून घेतलं आणि चालू बटणांना काळी किनार दिली. अपडेट आला की जाते. मी परत देतो. चार वर्षं झाली."

अनघाने फाईल उघडली. तयार सीएसएस! एकेका बटणाला हाताने दिलेली किनार.

तिने तिथेच सॅसमध्ये एक ओळ लिहिली. मी बिल्ड केला. सगळ्या चालू बटणांना एकदम किनार! काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं.

"आता जाणार नाही?"

"नाही. आणि सगळ्यांना मिळेल," मी म्हणालो. छाती गजभर फुगली होती.

मनप्रीतने मात्र मान हलवली. "पर अंकल जी, आपने तैयार फाइल को हाथ लगाया है. रूल तो रूल है." आणि त्याने नियम सांगितला.

काका शांतपणे उठले, बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवलं आणि किटली लावली.

"नऊ वेळा लावलाय हात," ते म्हणाले. "आज पहिला चहा. दुसऱ्याला कधी येताय?"

मनप्रीत म्हणाला, "अगले अपडेट पे, अंकल जी."