रंगूनला निघालेला मुऱ्हाळी

मी ब्रह्मदेशात कधी गेलो नाही. पण तिथे जायची तयारी मी जेवढी केली, तेवढी तिथे जाऊन आलेल्यांनीही केली नसेल. आमच्या कोरीट गावात अजून दोन-चार म्हातारे असे आहेत, की मला पाहिलं की त्यांना रंगून आठवतं. ते तोंडाने काही म्हणत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, आणि चांगलं झणझणीत म्हणालो असतो.

आमच्या खानदेशात लेक माहेरी यायची तर तिच्या भावाने जाऊन तिला आणायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की हे भाऊ, म्हणजे मुऱ्हाळी, गाड्या जुंपून गावोगावच्या वाटांना लागायचे. आणायला कोणी आलं नाही म्हणून सणाच्या दिवशी सासरच्या ओट्यावर वाटेकडे तोंड करून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. मला एकच बहीण, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तापीकाठच्या एका गावात तिला दिली होती. पहिल्या आखाजीला मीच तिला घेऊन आलो. गाडीत ती इतकी बडबडली की बैलांनी कान पाडले असं मी घरी सांगितलं, आणि तिने मला पाठीत धपाटा घातला.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकुनी मिळाली. तो तिला घेऊन गेला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोडायचा. नंदुरबारहून भुसावळ, भुसावळहून कलकत्ता, आणि तिथून आगबोट. आमच्या मायला यातलं भुसावळ तेवढं ठाऊक होतं.

ज्येष्ठ सरता सरता पत्र आलं. बहिणीला दिवस गेले होते, चौथा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं तिला वाटत होतं. अक्षर तिचं होतं, मीच तिला शिकवलेलं, रेघेच्या वर चढत जाणारं. तिने लिहिलं होतं, इथे पाऊस थांबतच नाही, लुगडं तीन-तीन दिवस वाळत नाही, भाताचा कंटाळा आलाय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला जीव तडफडतो. खाली नवऱ्याने चार ओळी जोडल्या होत्या. त्याला रजा मिळत नव्हती. पण शेजारी सुरतेकडचं एक व्यापारी कुटुंब होतं, घरात कर्ती म्हातारी होती, आणि ती सगळी श्रावणात देशी यायची होती. सुरतेची गाडी नंदुरबारवरूनच जाते. ते लोक तिला आपल्या स्टेशनावर हाताला धरून उतरवतील, तुम्ही फक्त हो म्हणा, असं त्याने लिहिलं होतं.

इतकं सोपं होतं ते. आज या वयात मी ते पत्र मनात वाचतो तेव्हा त्यातला सोपेपणाच मला जाळतो.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पत्र ऐकलं आणि म्हणाले, "आपली आंडेर परक्या मानसंसंगे येई? तिना भाऊ काय मरी गया का?"

माय चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "येऊ द्या ना तिले त्यासना संगे. पोर घर येई, बस."

मायचं कोणी ऐकलं नाही. आबांना दोष मी देत नाही. ते त्यांच्या रीतीला धरून बोलले, आणि मी गप्प बसलो असतो तर मायने दोन दिवसांत त्यांना वळवलंही असतं. पण मी म्हणालो, "मी जासू ना, आबा." नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाची नोंद ठेवायचो. पावसाळ्यात जिन बंद, मी रिकामा. वय बाविशीचं. बहिणीसाठी जीव तुटत होता हे खरं, पण त्याहून खरं हे की मला आगबोटीत बसायचं होतं. रंगून पाहून आलेला माणूस म्हणून नंदुरबारच्या बाजारातून चालायचं होतं. त्याच दिवशी मी माझ्या हाताने पत्र लिहिलं, 'कोणाबरोबरही येऊ नकोस. मी येतो आहे. आषाढात निघतो.'

मग तयारी सुरू झाली. शाळेच्या मास्तरांकडून मी नकाशा आणला आणि बोटाने इतक्या वेळा रंगूनला गेलो की कलकत्त्याजवळ कागद काळा पडला. पत्र्याची पेटी घेतली. रबरी बूट घेतले, क्विनाइनच्या गोळ्या घेतल्या. कळण्याचं पीठ दमट हवेत टिकणार कसं यावर आमच्या ओट्यावर आठ दिवस चर्चा चालली. कोणी म्हणे भाजून न्या, कोणी म्हणे डब्याचं तोंड मेणाने बंद करा. जावयाला काय न्यायचं, परतीच्या वाटेवर तिला आंबट खावंसं वाटलं तर काय, आगबोटीत सोवळं-ओवळं कसं पाळायचं, सगळं ठरलं. तळोद्याच्या बाजाराला जाणारी माणसंही वाट वाकडी करून मला बघून जायची. मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायचो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि मी तो पोट फुटेस्तोवर जेवत होतो.

आषाढात निघणं झालं नाही. आधी पावसाने भुसावळच्या बाजूचा रूळ वाहून गेला. तो चार दिवसांत दुरुस्त झाला. मग भटजींनी दिशाशूळ काढला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जायचं नाही, अमुक दिवशी चंद्र बरा नाही, तमुक दिवशी घराण्यात कोणी तरी वारलं होतं. आबा मान डोलवायचे. मीही डोलवायचो, कारण तोवर मला एक माणूस भेटला होता.

नंदुरबारात छत्र्या-कंदिलांचं दुकान असलेला एक बोहरी होता. तरुणपणी तो रंगूनला राहून आला होता. मी छत्री घ्यायला गेलो तर तो हसला. तिथल्या पावसात छत्रीचं काम नाही म्हणाला. मग मी विचारलं नसतानाही त्याने आगबोटीचं सांगितलं. पावसाळ्यात तो समुद्र उभा राहतो. खालच्या वर्गात माणसं पेट्यांसारखी एकमेकांवर आदळतात. घोटभर पाणी पोटात ठरत नाही. त्याच्याबरोबरचा एक जण तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा त्याला कापडात गुंडाळून पाण्यात सोडलं होतं. 'पण लोक जातात,' असंही तो शेवटी म्हणाला. 'बायका-पोरंसुद्धा जातात.' ते मी ऐकलं, पण धरलं नाही. ते कापडातलं तेवढं धरलं.

मला पोहता येत नाही. तापीला पूर आला की मी काठापासून वीस हात लांब उभा राहायचो. हे मी कोणाला सांगितलं नाही. त्याऐवजी एका सकाळी म्हणालो, अंगात कसकस आहे. मायने कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. तिने हात काढला आणि म्हणाली, "दिन काय तुन्हाकरता थांबतीन का रे?" आणि ती उठून गेली.

सातवा लागला की बाईला प्रवास नको, हे मायला पक्कं माहीत होतं. ती बोटांवर मोजत होती. मी मात्र मोजणं सोडून दिलं होतं.

शेवटी नागपंचमीच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त निघाला. आता मागे सरायला जागा उरू नये म्हणून मी स्टेशनावरच कार्ड लिहिलं, 'आज निघालो. आता काळजी करू नकोस. मी येईपर्यंत घर सोडून कुठे जाऊ नकोस, नाही तर चुकामूक होईल.' कार्ड टपालपेटीत टाकलं. अर्धं गाव पोचवायला आलं होतं. नारळ दिला, गळ्यात हार घातला. गाडी हलली तेव्हा आबांनी पटका काढून डोळे पुसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दोंडाईच्याच्या अलीकडे रुळाच्या दोन्ही बाजूंना पाणी पसरलेलं होतं. नाल्याचं गढूळ पाणी, गुडघाभर असेल नसेल. बाभळी त्यात उभ्या होत्या. गाडी हळू चालली होती आणि खिडकीतून खाली जमीन दिसत नव्हती. डब्यातले लोक शिदोऱ्या सोडून जेवत होते आणि मला वाटत होतं की आपण आत्ताच मरतोय. दोंडाईचं आलं. मी पेटी उचलली आणि उतरलो. पुढच्या गाडीने जाऊ, असं स्वतःला सांगितलं. फलाटावर बसून राहिलो. भुसावळकडे जाणारी पुढची गाडी आली आणि गेली. मग सुरतेकडची आली, तीत मी बसलो.

घरी सांगितलं, पुढे पूल गेलाय. आबांनी लगेच विश्वास ठेवला. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं असावं. पोरगा समोर दिसत होता. म्हणाले, पोळ्यानंतरचा मुहूर्त काढू. मायने पेटी उघडली आणि पिठाचा डबा बाहेर काढून उन्हाच्या तिरिपेत ठेवला.

माणूस घाबरतो. ते मी स्वतःला कधीकाळी माफ केलंही असतं. पण तार करता येत होती. नंदुरबारला तारघर होतं, मला इंग्रजी येत होतं, 'येत नाही, त्या लोकांबरोबर ये,' एवढंच लिहायचं होतं. सुरतेचं कुटुंब अजून रंगूनलाच होतं. रोज मी तारघरापर्यंत जायचो. दोनदा तर पायरी चढलो. पण ती तार म्हणजे मी भित्रा आहे हे माझ्याच हाताने लिहून देणं होतं, आणि ते मला जमलं नाही. पोळ्यानंतर जाणारच आहोत, मग कशाला, असं म्हणत मी परत फिरायचो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तार तिकडूनच आली. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून शिपायाने ती माझ्याच हातात दिली. दिवस भरायच्या आधीच बहीण बाळंत झाली होती. मूल गेलं आणि ती गेली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. शब्द फार नव्हते. आबा म्हणत राहिले, "काय लिख्खं शे? अरे, काय लिख्खं शे?" आणि मायने मात्र तोवर पदर तोंडात कोंबला होता.

पोळ्याच्या दिवशी ते सुरतेचं कुटुंब नंदुरबारवरून जाणार होतं. बहिणीच्या नवऱ्याचं तसं पत्र आधीच येऊन पडलं होतं. बहिणीने त्यांच्याबरोबर घरच्यांसाठी काही धाडलं होतं. मी जाणार नाही म्हणालो. माय दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "जाय, तिनी जे काही धाडेल व्हई ते लई ये."

मी गेलो. वाटेत गावोगाव बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली. आमचे गोठ्यात तसेच होते. गाडी आली आणि बायकांच्या डब्याच्या खिडकीतून एक गोरीपान म्हातारी हाका मारू लागली, "कोरीटवाळा कोई छे? कोरीट?" मी पुढे झालो. तिने एक गाठोडं खिडकीतून माझ्या हातात दिलं. हे आईचं, हे वडिलांचं, म्हणाली. भावाचं काही नाही, भाऊ तर तिच्याकडेच निघालाय.

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ने तमे एना कोण?" मी तिचा कोण, असं ती विचारत होती.

म्हातारी रंगूनहून निघाली तेव्हा माझी बहीण जिवंत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "गावचाच आहे."

गावचाच म्हटल्यावर ती मोकळेपणाने बोलू लागली. गुजरातीत, भराभर, कारण गाडी थोडाच वेळ थांबायची. पोरीला बरं नव्हतं, म्हणाली. पाय सुजले होते, तोंड उतरलं होतं. आम्ही तिला किती समजावलं, नवऱ्याने समजावलं, तिच्यासाठी जागासुद्धा धरून ठेवली होती. धक्क्यावर पोचवायला आली तेव्हाही मी हात धरून म्हटलं, अशीच चल, कपड्यांचं बघू. ऐकेना. भावाचं कार्ड दाखवायची सगळ्यांना. म्हणायची, तो पाण्याला भितो, तरी माझ्यासाठी एवढा समुद्र ओलांडून येतोय, आणि मी घरी नसले तर त्याला काय वाटेल?

गार्डने शिट्टी दिली. म्हातारीने गज धरून मान बाहेर काढली.

"एनो भाई तो हवे पहोंची गयो हशे, ने?"

"हो," मी म्हणालो. "पोहोचला."