जावळ गावालाच

जयपूरला येऊन दोन वर्षं झाली तरी सासूबाईंचं मन साताऱ्यातून हललेलं नव्हतं. दुपारी पलटणीच्या लायनीतल्या मराठी बायका आमच्याकडं जमायच्या आणि सुरू, आमच्याकडचं पाणी, आमच्याकडचा वारा. शी! त्याच पाण्यात वैशाखात चिखल यायचा, मी स्वतः फडक्यानं गाळून प्यालेय. पण मी आपली मान हलवायची, भित्री ना.

माझं पोर दीड वर्षाचं. त्याचं जावळ गावीच काढायचं, देवापुढं, मामाच्या मांडीवर, म्हणून ठेवलेलं. तेवढ्यात रजा बंद झाल्या, ह्यांना सरहद्दीवर धाडलं, आणि इकडं लू सुटली, ती भाजणारी झळ. पोराच्या केसांत फोड आले, पिकले, केस चिकटून कडक झाले, हात लावला की किंचाळायचं, अंग नुसतं भाजायचं. डॉक्टर म्हणाले, आधी केस उतरवा, नाहीतर विष अंगात चढेल. मला तेवढं विषच ऐकू आलं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "दसऱ्याला जाऊच की. आमच्या घराण्यात रस्त्यावर कुणाचं जावळ काढलं नाही."

"अहो आत्या, ताप आहे त्याला."

"आमच्या वेळी पोरांना ताप येत नव्हता होय?"

येत होता. त्यांची तीन त्यातच गेली, त्यांनीच मला सांगितलेलं.

दुपारच्या जमलेल्यांतली एक बाई म्हणते, "खरंय बाई, गावच्या जावळाची मजाच निराळी."

मजा! माझं पोर कण्हतंय आणि ह्यांना मजा सुचतेय! मी त्याला उचललं आणि अनवाणीच पळत सुटले, लायनीबाहेर लिंबाखाली नाई बसायचा तिथवर. तो विचारतो, मामा कुठाय? मतलब त्यांच्यातही मामा लागतो. मी पोराला छातीशी धरून इकडंतिकडं बघायला लागले. बाजूला दूधवाला होता, त्यानं कॅन खाली ठेवला आणि मांडी घालून बसला. "लाइए बहनजी, मैं हूँ न मामा."

सासूबाई मागून धापा टाकत आल्या तोवर अर्धं डोकं उतरलं होतं. "मिळाला वाटतं भाऊ! चांगला मिशाळ आहे!" आणि पोराकडं न बघता खाली पडलेले केस गोळा करायला लागल्या, दसऱ्याला न्यायला. पू लागलेले केस!

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दुपारी बायका आल्या. मी उंबऱ्यातच बसले, पोराच्या डोक्याला मलम लावत.

"पोर आत्ता कुठं निजतंय," मी म्हटलं. "गावचं बोलायचं तर आपापल्या घरी बोला."

 आणि उंबऱ्यातून उठले नाही.