देव नसलेली टाइल

कारण सांगताना मी चुकले. नवऱ्याची नोकरी अकोल्याला आणि सासरचं एकत्र घर वरवट बकाल या गावी, म्हणून आम्ही अकोल्यात दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पण आमच्याकडे ‘वेगळं राहायचंय’ असं कोणी तोंडानं म्हणत नाही. घरात तो शब्द शिवीसारखा ऐकला जातो. त्याऐवजी काहीतरी दुसरं पुढे करायचं असतं. मी सासूबाईंना सांगितलं, अंगण ओलांडून बाथरूमला जायचा फार त्रास होतो, पावसात तर विचारूच नका. खरं कारण एवढंच होतं की मला एखाद्या दिवशी कोणालाही न विचारता नुसती खिचडी टाकायची होती आणि दार लावून झोपायचं होतं.

मग एका सकाळी आमच्या खोलीमागे विटा उतरल्या.

“सुनबाई,” मामाजी, म्हणजे माझे सासरे, हौसेनं म्हणाले, “तुह्या खोलीले लागूनच बाथरूम काढून देतो. आता कायचा तरास?”

माणसं वाईट असती तर सोपं गेलं असतं. भांडून निघता येतं. इतक्या मायेनं विटा उतरवून घेणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

मिस्त्रीनं बेसिनचा ओटा सगळ्यात आधी बसवून टाकला, कारण दगड घरचाच होता. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट, धान्याच्या कोठीमागे वर्षानुवर्षं उभा करून ठेवलेला. आमच्याकडे उरलेलं काही टाकत नाहीत. तांबूस दगड, त्यावर काळे ठिपके, मसुरीच्या डाळीत उडीद सांडल्यासारखे. फरशी, नळ, दार, सगळं आधीच ठरलेलं होतं. बेसिनमागची एक भिंत तेवढी माझ्या पसंतीवर सोडली होती. दुकानात अशा भिंतीच्या टाइलला ‘हायलायटर’ म्हणतात. बाकी भिंती साध्या आणि एकीवर नक्षी. ती त्या तांबूस दगडाला जुळली पाहिजे, एवढीच अट.

दगडाचा एक तुकडा पिशवीत घालून सासूबाई, मामाजी आणि मी, असे आम्ही तिघं शेगावच्या दुकानात गेलो. मी मनात म्हणत होते, न जुळो. त्या दिवशी टाइल ठरली नाही तर मिस्त्री दुसऱ्या गावच्या कामाला जाणार होता, तो थेट दिवाळीनंतर येणार. तोवर अकोल्यात राहतो म्हणायला आम्ही मोकळे, आणि एकदा गेलं की गेलं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दुकानदारानं पहिलीच टाइल लावली, तांबूस कमळांची. दगडाला अगदी शोभत होती. गेलं अकोला, मी मनात म्हटलं.

“हे तं लक्ष्मीचं फूल,” सासूबाई म्हणाल्या. “तिच्यापुढं दात घासता काय?”

मोर आला, तो सरस्वतीचा. शंख विष्णूचे. जास्वंद गणपतीची. बांबू निघाला, तर तो देवाचा नाही पण तिरडीचा! दुकानदार घामाघूम झाला.

“मंग बाकीचे लोकं काय लावतात, माय?”

“लोकाईचं लोकाईपाशी.”

मी गंभीर तोंड करून प्रत्येक टाइल पाहत होते आणि आतून हसत होते. तेहतीस कोटी देव एकेक करून मला अकोल्याला पोचवत होते. मामाजी कंटाळून चहा प्यायला बाहेर गेले.

मग दुकानदारानं मागून एक खोका ओढत आणला. नुसत्या रेघा होत्या, तांबूस आणि मध्ये काळसर, लाकडाच्या फळीवर असतात तशा. सासूबाईंनी पिशवीतला तुकडा काढून टाइलवर ठेवला. दोन्ही एकाच खाणीतून निघाल्यासारखे दिसत होते. त्यांनी टाइल उलटसुलट करून पाहिली.

“ह्याच्यात कोनताच देव नाई,” त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी पाहिलं होतं. दुकानदार माल किती शिल्लक आहे ते बघायला आत गेला, तेव्हा त्या दगडावर बोट फिरवत हळूच म्हणाल्या, “हा दगड आपल्या घरात काऊन आला, माहीत हाये तुले?”

“नाई, आई.”

“तुह्या सासऱ्याले तवा मलकापूरले नोकरी होती. मलेई तिकडंच राहाचं होतं. म्या सांगतलं, चुलीच्या धुरानं खोकला येते. तं तुह्या आजेसासऱ्यानं गॅस आनला अन् ओटा बांधून देला. लय हौसेनं.”

मला त्यांचा रागच आला. एवढं कळत होतं, तर विटा उतरल्या तेव्हाच का बोलल्या नाहीत? पण विटा उतरत होत्या तेव्हा सासूबाई गड्यांसाठी चहा करत होत्या, आणि कप मीच नेऊन दिले होते.

“म्या धूर सांगतला, तू बाथरूम सांगतलं,” त्या म्हणाल्या. “मिस्त्रीले मिटवता येते असं कारन कधी सांगू नाई, माय.”

तेवढ्यात मामाजी मिशा पुसत आत आले. “जमलं काय, सुनबाई?” त्यांनी मलाच विचारलं, पसंती माझी होती ना. सासूबाई तुकडा पुन्हा पिशवीत ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हाव, मामाजी,” मी म्हणाले. “जुळली.”