आषाढात काढलेली गाडी

बाबली सारंगाला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. त्याच्या बायकोचं नावही मला आज सांगता येणार नाही. मालवणजवळच्या एका गावी पोस्टात मी तीन वर्षं मास्तर होतो, आणि तो समोरच राहायचा, एवढंच. लिहायची मला सवय नाही. पण त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

घराणं होडीवाल्यांचं. बाबलीने मात्र एक जुनी मोटार घेतली होती आणि ती भाड्याने चालवायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात, तशीच तो गाडीही शाकारायचा. चाकं काढून चार चिऱ्यांवर ठेवायची, वर झापं घालायची, आणि गाडी बंद असल्याचा कागद टॅक्सच्या कचेरीत धाडायचा, म्हणजे त्या महिन्यांचा टॅक्स पडत नसे. नारळी पौर्णिमेला नारळ फोडूनच ती पुन्हा रस्त्यावर यायची. टॅक्स थांबला की विमाही झोपतो, अशी सगळ्या गावाची समजूत होती. माझीही.

एकसष्ट सालच्या आषाढात शेजारचा सत्यवान छपराचे नळे सारखे करताना घरावरून पडला. शुद्ध नव्हती. एस.टी. बंद होती. बाबली कोणाला काही न विचारता चाकं बसवू लागला. मी भीत भीत म्हणालो, "बाबली, टॅक्स भरलेलो नाय. वाटेत काय झाला तर विमो मिळाचो नाय."

"ता माका ठावक आसा," तो मान वर न करता म्हणाला. "तुमी मागे बसा नि ह्याची मान नीट धरा."

सत्यवान वाचला. मी दवाखान्यात त्याच्याजवळ थांबलो आणि बाबली एकटाच परत निघाला. वाटेत भरून वाहणाऱ्या व्हाळावरची मोरी खचली आणि गाडी पाण्यात गेली. बाबली पोहत बाहेर आला. त्याच्याकडे कमाईचं दुसरं साधन नव्हतं.

पंधरा दिवस तो विम्यासाठी कुठे गेलाच नाही. शेवटी मीच त्याची पॉलिसी मागून घेतली आणि दोन रात्री वाचली. इंग्रजी माझं बेताचंच. लायसन नसलं तर भरपाई नाही असं लिहिलेलं होतं, दारूचंही तसंच होतं. टॅक्सचा शब्द मला सापडला नाही. पण माझं वाचन बरोबर असेल याची मला खात्री नव्हती.

विम्याचा फॉर्म भरायला आम्ही गावातल्या दाजींच्या दुकानात बसलो. दाजी म्हणाले, "बाबल्या, शाणो हो. आज टॅक्स भर नि अपघात उद्याचो लिव. व्हाळाक काय तारीख म्हायती?"

सगळे हसले. मला ते पटलं होतं, हे कबूल करतो. मी टाक शाईत बुडवलासुद्धा.

"मास्तरांनू, खरी तारीख लिवा," बाबली म्हणाला. "टॅक्स भरूक नाय तांय लिवा."

"अरे, गाडी जायत तुझी!" दाजी ओरडले.

"जांव दे. मी त्या दिवशी गाडी काढलंय म्हणान सत्यवान जितो आसा. तारीख बदललंय तर त्याका दवाखान्यात कोणी नेल्यान? तुमी?"

दाजी सुपारी कातरत राहिले. मी खरी तारीख लिहिली.

विम्याचा माणूस महिन्याभराने आला. त्याच्यासमोर बाबली कचेरीतल्यासारखं बोलू लागला. "साहेब, कर भरलेला नव्हता. तरी गाडी मी काढली."

"ते तुमचं आणि सरकारचं," साहेब म्हणाले. "दंडासकट भरून टाका. पॉलिसी चालू आहे, लायसनही आहे. तुम्ही प्यायला होता का, ते सांगा."

"प्यालो होतो, साहेब. व्हाळाचं पाणी. पुष्कळ."

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग ते म्हणाले की मोरी कधी खचली ते बांधकाम खात्याच्या वहीत त्यांनी आधीच पाहिलं होतं. तारीख खोटी असती तर त्यांनी तिथूनच परतीची गाडी धरली असती. मी माझ्या टाकाकडे पाहिलं. बाबलीने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यावर तो पुढे कधी बोललाही नाही.

मंजुरी यायला फाल्गुन उजाडला. तोवर तो भावकीच्या होडीवर जाळी ओढत होता. आलेल्या पैशांत इंजिन दुरुस्त झालं आणि डाव्या बाजूला दुसरं दार बसलं. दंड त्याने पहिल्या भाड्यांतून फेडला.

मे महिन्यात माझी बदली झाली. त्यानेच मला सामानासकट कुडाळला सोडलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी वाटभर शब्द जुळवत होतो. उतरलो, ट्रंक घेतली आणि दाराला हात लावला.

"हळू लावा, मास्तरांनू," तो म्हणाला. "ह्या दाराची कडी अजून बसूक नाय."

"बरां," मी म्हणालो.